महोगनीची जुनी इंग्लिश खुर्ची दर हिवाळ्यात परत परत का डुगडुगते

प्रॉब्लेम थोडक्यात असा. अठराव्या शतकातली इंग्लिश महोगनीची डायनिंग चेअर, दिसायला अगदी धडधाकट, पण पाठ टेकली की कर्रकन आवाज होतो आणि सीटच्या मागच्या कोपऱ्यात काहीतरी हलतं. कुणाकडून तरी गोंद घालून आवळून घेतली, उन्हाळाभर ठीक चालली, ऑक्टोबरात घरातलं हीटिंग सुरू झालं आणि ख्रिसमसपर्यंत परत तेच. मग अजून गोंद, अजून एक स्क्रू, आणि पुढच्या वर्षी आवाज आधीपेक्षा मोठा.

मी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ राहतो आणि शनिवार-रविवार जुनं फर्निचर दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये काम करतो, त्यामुळे हा प्रश्न इतक्या वेळा समोर येतो की एकदाच सविस्तर लिहून टाकतो. गेल्या वीसेक वर्षांत इकडे "ब्राउन फर्निचर"चे, म्हणजे गडद लाकडाच्या जुन्या फर्निचरचे, भाव चांगलेच उतरलेत, त्यामुळे आपली बरीच मराठी मंडळी लिलावात सहा-सहा, आठ-आठ खुर्च्यांचे सेट हौसेने घ्यायला लागलीत, आणि घेतल्यावर पहिला फोन हाच येतो की अरे डुगडुगतेय.

आधी डुगडुगतेय म्हणजे नक्की काय होतंय ते बघा, कारण त्यात दोन प्रकार आहेत आणि लोक दोन्हीला एकच औषध देतात. एक, खुर्ची अख्खी फरशीवर इकडून तिकडे टकटक करते पण सांधे घट्ट आहेत. हा पायांच्या उंचीचा किंवा तुमच्या फरशीचाच दोष. खुर्ची दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा, बऱ्याचदा प्रश्न तिथेच संपतो, आणि नाही संपला तरी कृपा करून पाय करवतीने कापू नका, दोनशे साठ वर्षांचा पाय एकदा कापला की तो कापलाच. दुसरा प्रकार म्हणजे पाय जमिनीला टेकलेले राहतात आणि खुर्चीचा सांगाडाच तिरका होतो. आपल्याला बोलायचंय ते ह्याबद्दल.

तपासायची पद्धत सोपी आहे. बहुतेक खुर्च्यांची सीट वरच्यावर उचलून निघते, त्याला ड्रॉप-इन सीट म्हणतात, ती काढून बाजूला ठेवा. एक गुडघा सीटला आधार देणाऱ्या पुढच्या लाकडी पट्टीवर हलकेच टेकवा, हाताने पाठीचा वरचा भाग धरून पुढे-मागे जरासं ढकला आणि दुसऱ्या हाताचं बोट एकेका सांध्याच्या रेषेवर ठेवत जा. डोळ्यांना दिसत नाही ते बोटाला लगेच कळतं. जिथे हालचाल आहे तिथे टॉर्च मारलात तर एक बारीक काळी रेष दिसेल, वर्षानुवर्षं उघडझाप करणाऱ्या सांध्याने मेण आणि धूळ आत ओढून घेतलेली असते, आणि काठाशी कधीकधी मधाच्या रंगाचे, काचेसारखे कडक कण निघतात. तो मूळचा सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला जुना गोंद. हे कण दिसले तर आनंद माना, आत अजून कुणी फार उचापती केलेल्या नाहीत. पांढरट रबरासारखं काही दिसलं तर काम वाढलं.

दहापैकी आठ-नऊ वेळा हलणारा सांधा असतो तो बाजूची पट्टी आणि मागचा पाय यांच्यातला. ह्याचं कारण खुर्चीच्या बांधणीतच आहे. मागचा पाय आणि पाठीचा उभा दांडा हे एकाच लाकडातून काढलेले असतात, खालपासून वरपर्यंत. त्या दांड्यात खोबण पाडलेली असते, तिला मॉर्टाइज म्हणू, आणि सीटच्या पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ त्यात बसते, ती टेनन. आता सीट पुढे रुंद आणि मागे अरुंद असते, म्हणजे बाजूची पट्टी मागच्या पायाला काटकोनात भेटत नाही, तिरकी भेटते, आणि त्याच पायात मागची पट्टीही दुसऱ्या अंगाने येऊन घुसते. जेमतेम दोन इंच जाडीचं लाकूड दोन बाजूंनी पोखरलेलं. माणूस मागे रेलला की पाठीचा लांब दांडा तरफेसारखा काम करतो आणि सगळा जोर त्या एवढ्याशा जिभेवर येतो. त्यात शतकाच्या पूर्वार्धात फॅशन होती बाकदार कॅब्रिओल पायांची, त्यात पायांना खालून जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या बहुधा नसतात. सरळ चौकोनी पायांच्या खुर्च्यांना बहुधा त्या असतात, म्हणून त्या जरा जास्त टिकतात असा माझा अनुभव.

एवढं नाजूक काम करायची हिंमत त्या काळच्या सुतारांना झाली ती महोगनीमुळेच. आधी इंग्लंडमध्ये चांगल्या खुर्च्या अक्रोडाच्या असायच्या, 1720 मध्ये फ्रान्सने अक्रोडाची निर्यात बंद केली आणि 1721 च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींमधून येणाऱ्या लाकडावरचा आयात कर उठला, मग जमैकाची महोगनी लंडनला यायला लागली आणि नंतर क्युबा आणि होंडुरासची. हे लाकूड तोडायला तिथे गुलाम राबवले जात होते, हेही विसरून चालणार नाही. लाकूड म्हणून बघाल तर दाट, कीड फारशी लागत नाही, कोरायला उत्तम, इतकं भरवशाचं की पाठीमधली जाळी फितीसारखी पातळ कोरता आली. पण लाकूड कितीही गुणी असलं तरी सांधा शेवटी सांधाच, आणि तो सरसाच्या जोरावर उभा.

बरं, मग दर हिवाळ्यातच का? लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. खोलीतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडात साधारण 9 टक्के पाणी असतं, हीटिंगने आर्द्रता 30 वर उतरली की ते 6 च्या आसपास येतं. लाकूड लांबीला जवळजवळ आकसत नाही, आकसतं ते आडव्या अंगाने. मॉर्टाइज पायाच्या लांबीत पाडलेलं आहे, म्हणजे त्याची उंची बदलत नाही, पण टेननची उंची म्हणजे पट्टीची आडवी बाजू, ती बदलते. ओलसर दिवसांत टेनन फुगायला बघतं, जागा नसते, मग त्याचे तंतू चेपले जातात, आणि कोरड्या दिवसांत ते आकसतं तेव्हा आधीपेक्षा थोडं लहान होतं. पुढच्या वर्षी अजून थोडं. जुन्या इंग्लिश घरांत शेकोटी होती, खिडक्यांतून वारा यायचा, हा फरक हळूहळू व्हायचा. सेंट्रल हीटिंगने तोच फरक दोन-तीन आठवड्यांत होतो आणि जुना सरस तडकतो.

म्हणजे तुमचा गोंद कमी पडत नाहीये, टेनन बारीक झालंय आणि भोवती फट आहे. फटीत गोंद ओतून सांधा होत नाही, ही गोष्ट पटली की अर्धी लढाई जिंकली. शिवाय ओतलेला गोंद लाकडाला चिकटतच नाही, तो जुन्या वाळलेल्या सरसाला आणि मेणा-धुळीच्या थराला चिकटतो. नवीन फर्निचरला फेव्हिकॉल किंवा इकडचा पीव्हीए उत्तमच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या सरसावर तो धरत नाही, सतत ताण असला तर हळूहळू सरकतो, आणि पुढच्या माणसाला तो काढताना नाकीनऊ येतात. इपॉक्सी तर त्याहून वाईट, ते सोडवताना सांध्याऐवजी लाकूडच फाटतं.

आता असं एक कारण जे बहुतेक लोक तपासतच नाहीत आणि मला वाटतं तेच परत परत होणाऱ्या बिघाडाचं मोठं कारण आहे: सीट. ड्रॉप-इन सीट म्हणजे एक लाकडी चौकट, तिच्यावर पट्टे, घोड्याचे केस, कापड. ती पट्ट्यांच्या आतल्या खाचेत सैलसर बसायला हवी, म्हणजे फक्त कापडाच्या जाडीपुरती जागा सोडून. आता होतं काय की दर पिढीत कुणीतरी नवीन कापड लावतं आणि जुनं काढायचा कंटाळा करतं. मी एका सीटचं वरचं हिरवं वेलवेट काढलं तर खाली फुलाफुलांचं, त्याखाली पट्ट्यापट्ट्यांचं, त्याखाली काळं रेक्झिन, आणि प्रत्येक थराच्या स्वतःच्या बारीक खिळ्यांची रांग. चौकट चारही बाजूंनी चांगली फुगलेली. अशी सीट बसत नाही म्हणून वरून बुक्क्या मारून बसवतात, की झालं, ती आतून पाचरीसारखी चारही पट्ट्या बाहेर ढकलत राहते. दिवसरात्र. कुणी बसलेलं नसतानासुद्धा. सांधा कितीही छान जोडा, ही सीट तो उघडणारच.

म्हणून सीट काढली की ती उलटी करून बघा. जुन्या सेटमध्ये सुतारांनी पटाशीने रोमन आकडे कोरलेले असतात, एक आकडा पुढच्या पट्टीच्या खाचेत आणि तोच सीटच्या चौकटीवर. खुर्चीवर चार आणि सीटवर सात असेल तर कुणीतरी साफसफाई करताना अदलाबदल केलीय. हाताने बनवलेल्या खुर्च्यांत दोन खुर्च्या कधीच तंतोतंत सारख्या नसतात, दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज असतो आणि तेवढा पुरतो. अख्ख्या सेटच्या सीट काढून आकडे जुळवून लावा, फुकटातला इलाज आहे. आकडे जुळूनही घट्ट होत असेल तर वरचे थर काढून एकच कापड लावून घ्या. सगळ्यात तळाचा थर मात्र फेकू नका, कधीकधी तोच मूळचा निघतो, पाकिटात घालून जपून ठेवा. आणि हो, चौकट रंध्याने तासून बारीक करायचा मोह होईल, तो आवरा, आधी थर काढा.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. जो सांधा घट्ट आहे त्याला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. बहुतेक वेळा पुढचे दोन पाय आणि पुढची पट्टी हा एक घट्ट भाग असतो, पाठ हा दुसरा घट्ट भाग, आणि ह्या दोघांना जोडणाऱ्या बाजूच्या दोन पट्ट्या तेवढ्या सैल. म्हणजे खुर्ची फक्त ह्या दोन भागांत सोडवायची. सगळीकडून फोटो काढा, प्रत्येक भागाला दोऱ्याने चिठ्ठी बांधा. मास्किंग टेप लावू नका, काढताना पॉलिशचा पापुद्रा घेऊन येते. कोपऱ्यांत आतून तिरक्या लाकडी आधाराच्या पट्ट्या असतील तर त्या आधी काढून जपून ठेवा.

सांधा सोडवायला हातोडा नको. उलटा लावता येतो असा क्लॅम्प घ्या, जो आवळण्याऐवजी ढकलतो, दोन्ही टोकांना कॉर्क किंवा चामड्याचे तुकडे ठेवा आणि अर्धा-अर्धा फेरा देत थांबत जा. हटून बसला तर इंजेक्शनच्या सुईने आतल्या बाजूने कोमट पाण्याचे थोडे थेंब सोडा आणि थांबा, सरस पाण्याने आणि उष्णतेने मऊ होतो, हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण. काही जण मेथिलेटेड स्पिरीट वापरतात, त्याने सरस ठिसूळ होऊन सुटतो हे खरं, पण बाहेरच्या बाजूला एक थेंब जरी ओघळला तरी चपडी लाखेच्या पॉलिशवर कायमचा डाग. बाहेरून दिसणाऱ्या सांध्यावर मी स्पिरीट वापरत नाही. आणि ओढण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या, सांध्यात आरपार लाकडी खुंटी आहे का, आणि कुणी स्क्रू मारून वर मेण किंवा पुट्टी भरलीय का. मागच्या पायावर मिरीएवढा वेगळ्या रंगाचा गोल ठिपका दिसला की समजायचं आत स्क्रू आहे. एका सेटमध्ये आधीच्या दुरुस्तीवाल्याने प्रत्येक मागच्या पायातून असे स्क्रू घातले होते आणि बिलात लिहिलं होतं "सांधे मजबूत केले". पायातून मारलेला स्क्रू टेननच्या टोकाकडून तंतूंच्या दिशेनेच आत जातो, तिथे त्याला धरायला काही मिळत नाही, वर्षभरात तो सैल होतो आणि पाय मात्र उभा चिरतो. लोखंडी एल-पट्ट्यांचंही तेच.

सांधा सुटला की जुना सरस कोमट पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने धुवून काढा. सँडपेपर नको, टेनन आधीच बारीक झालंय. पीव्हीए असेल तर गरम व्हिनेगर लावून मऊ करा आणि बोथट पटाशीने खरवडा, वेळ लागतो, पर्याय नाही. दोन्ही भाग दोन दिवस वाळू द्या. मग कोरडंच टेनन मॉर्टाइजमध्ये घालून बघा. घळघळीत असेल तर महोगनीचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हिनिअर, टेननच्या गालावर, म्हणजे सपाट बाजूवर, तंतूंची दिशा जुळवून सरसाने चिकटवा, वाळल्यावर पटाशीने थोडं थोडं तासत हाताच्या दाबाने बसेल इतकं ठेवा. ठोकून बसवावं लागलं तर जास्त घट्ट आहे, मॉर्टाइज फाटेल. नवीन महोगनी विकत घेऊ नका, एखाद्या मोडक्या व्हिक्टोरियन टेबलाचं जुनं लाकूड कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडे पडलेलं असतं. लाकडाचा भुसा आणि गोंद कालवून फट भरायची आयडिया इंटरनेटवर खूप दिसते, त्या भरावाला ताकद नसते, विसरा.

आता सरस. दाणे मिळतात, रात्रभर गार पाण्यात भिजत घालायचे, सकाळी ते फुगून जेलीसारखे झाले की भांडं दुसऱ्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवायचे, तापमान 60 अंशांच्या आसपास. उकळला तर त्याची ताकद गेली. ब्रश वर उचलल्यावर एकतारी पाकासारखी धार पडली की बरोबर. वास येतो, लपवण्यात अर्थ नाही, आणि तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो हेही खरं, ज्यांना चालणार नाही त्यांनी दुरुस्ती दुसऱ्याकडून करून घ्यावी, पण खुर्चीत तो आधीपासून आहेच. हाताशी मिनिटभरच असतं, त्यानंतर तो जेलीसारखा गोठतो, म्हणून दोन्ही भाग आधी हेअर ड्रायरने कोमट करा, क्लॅम्प आधीच मापून ठेवा, आणि एक माणूस मदतीला घ्या. बायको, मुलगा, शेजारी, कुणीही चालेल पण फोन बाजूला ठेवून.

बाजूच्या पट्ट्या तिरक्या असल्यामुळे सरळ क्लॅम्प घसरतो. त्यापेक्षा सीटच्या उंचीवर चारही पायांभोवती जाड सुती दोरी दोन वेढे घेऊन बांधा, मध्ये काठी घालून पिळा, कोपऱ्यांना चामडं लावा. जोर सगळीकडे सारखा बसतो. मग टेपने सीटच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही सारखे आले पाहिजेत. नसतील तर लांब कर्णाच्या बाजूने थोडं दाबा. खुर्ची सपाट जागेवर उभी करून चारही पाय टेकतायत ना बघा, आत्ताच, कारण दहा मिनिटांनी बघून उपयोग नाही. बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने पुसा. चोवीस तास हलवू नका, बसायची घाई तर आठवडाभर करू नका.

हे सगळं करून खुर्ची परत रेडिएटरला चिकटून ठेवलीत तर मात्र मला फोन करू नका. पंधराएक पौंडांत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं, 45 ते 55 टक्क्यांत राहिलं तर उत्तम, ते जमलं नाही तरी रोज वर-खाली होऊ नये एवढं बघा. आणि खुर्ची उचलायची ती सीटच्या पट्ट्यांना धरून, पाठीच्या वरच्या टोकाला धरून नाही. त्या काळी ह्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या असायच्या आणि लागतील तशा नोकर पुढे आणायचे, दोन पायांवर मागे झुलत गप्पा मारायला त्या बनवलेल्याच नाहीत. इकडे जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेच्या घरांत जुन्या खुर्च्यांवर पाइनचं बोंड किंवा सुकलेलं काटेरी फूल ठेवतात, बसू नका अशी पाटी लावण्यापेक्षा हे बरं. पाहुण्यांत मुलं असतील तर मीही तेच करतो.

एक शंका आधीच मिटवून टाकतो: खुर्ची खरंच अठराव्या शतकातली आहे का? सांधा उघडल्यावर टेननऐवजी दोन डॉवेल, म्हणजे गोल लाकडी खुंट्या, निघाले तर ती बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली किंवा त्यानंतरची नक्कल आहे, अशा "चिपेंडेल स्टाइल" खुर्च्या मोठ्या संख्येने बनल्या. पट्टीच्या आत गोलाकार करवतीचे वक्र ओरखडे असतील तर तेही एकोणिसाव्या शतकातलं किंवा त्यानंतरचं लक्षण. ही शैली ज्याच्या नावाने ओळखली जाते तो फर्निचर बनवणारा थॉमस चिपेंडेल आमच्या शेजारच्या ऑटलीत 1718 मध्ये जन्मला, त्याचं काम हेअरवुड आणि नॉस्टेलच्या जुन्या वाड्यांत जाऊन बघता येतं, पण तो आपल्या फर्निचरवर नाव घालत नसे, त्यामुळे लिलावाच्या कॅटलॉगमधला "चिपेंडेल" म्हणजे बहुतेक वेळा फक्त शैली. डॉवेलची खुर्ची असेल तर वाईट वाटून घेऊ नका, दुरुस्ती उलट सोपी, जुने डॉवेल काढून नवीन घालायचे.

मुंबई-पुण्याहून विचारणाऱ्यांसाठी: तुमच्या घरातली आजोबांची "इंग्लिश महोगनी" बऱ्याचदा इंग्लिश डिझाइनवर भारतातच बनवलेली शिसवाची किंवा सागवानाची निघते. काम तेच, फक्त ऋतू उलटा. पावसाळ्यात लाकूड फुगून टेनन चेपलं जातं आणि नंतर एसीच्या खोलीत सांधा उघडतो. सागवान तेलकट असतं, चिकटवण्याआधी सांधा स्पिरीटने पुसून घ्यावा लागतो, पॉलिश सांभाळून.

आणि दोन बाबतींत स्वतः काहीही करू नका. मागचा पाय सीटच्या उंचीला चिरलेला असेल, म्हणजे मॉर्टाइजची भिंतच फाटली असेल, तर तिथे जुळणारं लाकूड आत बसवावं लागतं आणि ते काम शिकलेल्या माणसाचं आहे. दुसरं म्हणजे ज्या खुर्च्यांवर कापड थेट पट्ट्यांवर ठोकलेलं असतं, त्यांच्या पट्ट्या बऱ्याचदा बीच लाकडाच्या असतात, त्यात कीड लागते आणि अडीच शतकांच्या बारीक खिळ्यांनी वरची कड पार भुगा झालेली असते. कापड थोडं उचलून पट्टीत नख रुतवून बघा. रुतलं तर खुर्ची बाजूला ठेवा, तिच्यावर कुणाला बसू देऊ नका, आणि ज्याच्याकडे न्याल त्याला आधी विचारा की तो सरस वापरतो का. "त्यापेक्षा भारी गोंद आहे आमच्याकडे" असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा.